वीज आली की नेट जातं: धंतोलीतल्या एका सामायिक मजल्यावर दोन राउटरांचं भांडण

नागपूरच्या धंतोली, रामदासपेठ, बर्डी या भागांतल्या जुन्या इमारतींत एकाच मजल्यावरची दोन-तीन कार्यालयं एक फायबर जोडणी वाटून घेतात. वीजमीटर वेगळे, कुलपं वेगळी, इंटरनेटचं बिल मात्र एक. इथे घेतलेलं प्रकरण धंतोलीतल्या तिसऱ्या मजल्यावरचं, आणि त्याची मांडणी अशा मजल्यांवर नेहमी दिसते तशीच आहे. एक सीए कार्यालय, एक वास्तुविशारदाचा स्टुडिओ आणि एक विमा सल्लागार. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी (मजल्याचा राउटरही तोच), सीएंच्या आतल्या खोलीत माळ्यावर. तिथून एक केबल पॅसेजमधल्या २४ पोर्टच्या साध्या गिगाबिट स्विचमध्ये आणि स्विचमधून सगळीकडे. संगणक १५, त्यांतल्या एकावर टॅलीचा डेटा आणि लायसन्स. शिवाय एक सामायिक प्रिंटर, स्टुडिओचा प्लॉटर, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर आणि सगळ्यांचे मोबाइल.

तक्रारी दोन होत्या आणि कुणीच त्या एकत्र करून पाहिल्या नव्हत्या. पहिली जुनी: ठरावीक तीन-चार संगणकांवर इंटरनेट व्यवस्थित चालतं, पण टॅली सापडत नाही आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. दुसरी मे महिन्यातली: वीज जाऊन आली की अर्ध्या मजल्याचं इंटरनेट बंद, अर्ध्याचं चालू, आणि दोनेक तासांनी आपोआप सगळं ठीक. सीएंकडच्या कर्मचाऱ्याचं वर्णन नेमकं होतं: ‘काल चालून राहिलं होतं भाऊ, आज लाइट आल्यापासून माझंच नाही चालून राहिलं, बाजूच्याचं चालून राहिलं.’

उन्हाळ्यावर गेलेला संशय

मे महिना आणि माळ्यावरचा डबा म्हटल्यावर ‘ओएनटी तापतो’ हे निदान सगळ्यांनी आधीच करून टाकलं होतं. त्यात तथ्य नाही असं नाही. घरगुती दर्जाच्या बहुतेक राउटरांची कामाची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते आणि नागपूरचा मे बाहेरच ४५ च्या घरात जातो. पण तापलेला डबा सगळ्या मजल्याचं इंटरनेट पाडेल, एका टेबलाचं चालू ठेवून शेजारच्या टेबलाचं पाडणार नाही. शिवाय तापण्याचा त्रास दुपारी तीन-चारला वाढायला हवा. इथे तर सकाळी साडेदहाला वीज आली की बिघाड सुरू आणि दुपारी साडेबारापर्यंत मिटलेला, म्हणजे ऊन चढत असताना दोष उतरत होता. तापमानाशी त्याचा संबंध नव्हता, संबंध होता वीज परत येण्याशी. उन्हाळ्यात वीज जास्त वेळा जाते, म्हणून तो उन्हाळ्याचा दोष वाटत होता, एवढंच.

आधी काहीही रीस्टार्ट करायचं नाही

अशा ठिकाणी पोचल्यावर पहिला आग्रह होतो तो ‘एकदा बंद-चालू करून बघा’ याचा. तो टाळावा. नेटवर्कवरच्या संघर्षाचा पुरावा ज्या तक्त्यांत असतो ते सगळे रीस्टार्टबरोबर पुसले जातात. त्याऐवजी एक चालणारा आणि एक न चालणारा असे दोन संगणक शेजारी घ्यावेत, दोन्हींवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्यावं आणि दोन्ही पडद्यांचे फोटो काढून ठेवावेत.

इथे पहिल्या नजरेत काहीच हाती लागलं नाही, कारण दोन्ही संगणकांवर डिफॉल्ट गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार) १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हर (संगणकांना पत्ते वाटणारा) १९२.१६८.१.१ आणि डीएनएससुद्धा (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) तोच. पत्ते १९२.१६८.१.३७ आणि १९२.१६८.१.१०३. बहुतेक लोक इथेच ‘सेटिंग बरोबर आहे’ म्हणून उठतात आणि केबल बदलायला लागतात.

फरक दोन ओळी सोडून होता. चालणाऱ्या संगणकावर ‘लीज ऑब्टेन्ड’ आणि ‘लीज एक्स्पायर्स’, म्हणजे पत्ता मिळाल्याची आणि त्याची मुदत संपण्याची वेळ, यांच्यात २४ तासांचं अंतर, न चालणाऱ्यावर बरोबर दोन तासांचं. एकच डीएचसीपी सर्व्हर शेजारच्या दोन टेबलांना वेगवेगळ्या मुदतीचे पत्ते देत नाही. म्हणजे १९२.१६८.१.१ या नावाने बोलणारे डबे दोन होते.

खात्री करायला ‘एआरपी -ए’ पुरे. या कमांडने संगणकाला माहीत असलेल्या प्रत्येक आयपी पत्त्यापुढे त्या उपकरणाचा भौतिक पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, दिसतो. दोन्ही संगणकांवर १९२.१६८.१.१ समोरचा मॅक वेगळा निघाला. मॅक पत्त्याच्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन उत्पादकाच्या असतात, त्यामुळे डबे दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत हेही तिथेच कळलं. ओएनटीच्या बुडाशी असलेल्या स्टिकरशी ताडून पाहताना एक ध्यानात ठेवावं: स्टिकरवरचा मॅक आणि लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, बाजूचा मॅक शेवटच्या जोडीत एक-दोनने वेगळे असू शकतात. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये. पहिल्या तीन जोड्या जुळल्या की झालं.

एका लेआउटमध्ये २३ नंबरचे दोन प्लॉट निघावेत तसा हा प्रकार. पोस्टमन ज्या दारात आधी पोचेल तिथेच कागद टाकणार. संगणकही तसंच करतो: १९२.१६८.१.१ कोण म्हणून हाक मारतो, ज्याचं उत्तर पकडलं त्याच्याशी चिकटून राहतो. खरा ओएनटी मिळाला तर इंटरनेट चालतं, दुसरा मिळाला तर नाही.

तोतया शोधायचा कसा

स्विच साधा, म्हणजे त्याच्या कोणत्या पोर्टवर कोणता मॅक आहे हे दाखवणारा पडदाच त्याला नाही. मग जेवणाच्या सुट्टीत हाताने शोधावं लागतं.

एका लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२४० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा. वायफाय बंद, केबल थेट स्विचमध्ये. प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एआरपी -डी *’ देऊन जुन्या नोंदी पुसाव्यात. मग ओएनटीकडून येणारी केबल स्विचमधून काढावी आणि ‘पिंग -टी १९२.१६८.१.१’ चालू करावं. खरा मालक आता जोडलेलाच नाही, म्हणून जो कुणी उत्तर देईल तो तोतया. इथे पहिल्याच पिंगला उत्तर आलं. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला तर ओएनटीचं पान यायच्या जागी एका वायफाय राउटरचं लॉगिन पान उघडलं.

पुढचं काम कंटाळवाणं पण सरळ. पिंग चालू ठेवून स्विचच्या केबली एकेक करून काढायच्या. विंडोजचा पिंग उत्तराची चार सेकंद वाट पाहतो, म्हणून प्रत्येक केबलीनंतर दोन वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसेपर्यंत थांबायचं, नाहीतर घाईत चुकीच्या पोर्टवर बोट ठेवलं जातं. १८ नंबरच्या पोर्टची केबल काढली आणि पिंग थांबला. ती केबल स्टुडिओत जात होती. १७ नंबरचीही तिथेच जात होती.

एका राउटरला दोन केबली का?

सगळा घोळ या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि ते उत्तर अडाणीपणाचं नाही. स्टुडिओपर्यंत ओएनटीचं वायफाय पोचत नव्हतं, म्हणून तिथे स्वतंत्र वायफाय राउटर लावला गेला. भिंतीतली केबल त्याच्या निळ्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला. इंटरनेट सुरू झालं. पण राउटरच्या मागचे संगणक १९२.१६८.०.x या वेगळ्या नेटवर्कात गेले आणि प्लॉटर राहिला पॅसेजमध्ये, मजल्याच्या स्विचवर, १९२.१६८.१.x मध्ये. प्लॉटरचं सॉफ्टवेअर त्याला आपोआप शोधायला जायचं. असा शोध ब्रॉडकास्टने, म्हणजे सगळ्या नेटवर्कला एकदम हाक मारून, होतो आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. म्हणून कुणीतरी दुसरी केबल राउटरच्या पिवळ्या लॅन पोर्टमधून भिंतीत खोचली. प्लॉटरला राउटरकडूनच पत्ता मिळाला, तो दिसायला लागला, छपाई झाली आणि विषय संपला.

त्या दुसऱ्या केबलीने राउटरची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकाच स्विचवर आणली. डीएचसीपीची मागणी हीसुद्धा ब्रॉडकास्टच असते. संगणक सुरू होताना ‘कुणी पत्ता देता का’ असं सगळ्या नेटवर्कला विचारतो. ही मागणी यूडीपीच्या ६७ नंबरच्या पोर्टवर जाते आणि उत्तर ६८ वर येतं. एकापेक्षा जास्त सर्व्हरांनी देकार दिले तर संगणक सहसा पहिला पोचलेला घेतो. आता मजल्यावर देकार देणारे दोन झाले होते.

पहिली, जुनी तक्रार यातूनच आली. ज्यांना स्टुडिओच्या राउटरने पत्ता दिला ते १९२.१६८.०.x मध्ये गेले. त्यांचं इंटरनेट चालत राहिलं, कारण त्या राउटरचा वॅन पोर्ट १७ नंबरच्या केबलीतून ओएनटीपर्यंत पोचत होता. दुहेरी नॅट झालं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोन डब्यांत दोनदा, पण ब्राउझरला त्याचं सोयरसुतक नसतं. टॅलीचा संगणक मात्र १९२.१६८.१.x मध्ये आणि तो नावाने शोधला जात होता. नावाची हाक दुसऱ्या सबनेटपर्यंत, म्हणजे पत्त्यांच्या दुसऱ्या गटापर्यंत, जाऊन उत्तर परत येईना. त्याच वेळी आयपी पत्ता टाकून फोल्डर उघडला तर उघडायचा, कारण ती वाहतूक राउटरमधून फिरून जायची. ‘नावाने नाही, नंबराने चालतं’ हे लक्षण दिसलं की डीएनएसच्या मागे लागण्याआधी दोन्ही संगणक एका सबनेटमध्ये आहेत का ते पाहावं.

यात विंडोजने भर घातली. नेटवर्क ओळखताना विंडोज गेटवेचा मॅक पत्ता पाहतं. गेटवे बदलला की नवं नेटवर्क समजून ‘नेटवर्क २’, ‘नेटवर्क ३’ अशी नावं देतं आणि त्याला ‘पब्लिक’ गटात टाकतं. त्या गटात संगणक शोधणं आणि फाइल शेअरिंग मुळात बंद. म्हणून योग्य पत्ता परत मिळाल्यावरही काही संगणक प्रिंटर दाखवत नव्हते. आणि नेहमी तेच तीन-चार का? संगणक मागच्या वेळचाच पत्ता आधी मागतो. ज्या सर्व्हरने तो दिला होता तोच होकार देतो. एकदा चुकीच्या दारात गेलेला तिथेच जात राहतो.

वीज परत आल्यावरची पहिली तीन मिनिटं

दुसरी तक्रार जास्त मजेची आहे. ओएनटी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर नव्हते, स्विचही नव्हता. वीज आली की तिघं एकदमच सुरू व्हायचे, पण तयार वेगवेगळ्या वेळी व्हायचे. साधा वायफाय राउटर मिनिटभरात उभा राहतो. ओएनटीला आधी फायबरवर पलीकडच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं, नोंदणी करावी लागते. त्यात दोन-तीन मिनिटं जातात.

त्या मधल्या वेळात राउटरचा वॅन पोर्ट पत्ता मागायचा. मागणी १७ नंबरातून स्विचमध्ये, स्विचमधून १८ नंबरात, आणि तिथून त्याच राउटरच्या लॅन बाजूला. ओएनटी अजून झोपलेला. म्हणून राउटरने स्वतःच स्वतःला १९२.१६८.०.x मधला पत्ता दिला. आता त्याच्या आत आणि बाहेर एकच सबनेट. काही राउटरांच्या फर्मवेअरमध्ये यावर उपाय म्हणून एक सोय असते: वॅन आणि लॅन एकाच श्रेणीत आले तर राउटर आपला लॅन पत्ता आपणहून बदलतो. १९२.१६८.०.१ वरून तो गेला १९२.१६८.१.१ वर. म्हणजे थेट ओएनटीच्या पत्त्यावर.

मिनिटभराने जागे झालेले संगणक याच तोतयाकडून दोन तासांच्या मुदतीचा पत्ता घेऊन बसायचे. सीएंचे संगणक यूपीएसवर असल्याने बंद पडत नसत, पण स्विच बंद पडल्यामुळे त्यांची केबल तुटल्यासारखी व्हायची आणि ती परत जोडली गेली की विंडोज पत्ता पुन्हा विचारून घेतं. त्यामुळे तेही या गर्दीत. राउटरच्या वॅनला मिळालेला गेटवे, १९२.१६८.०.१, आता कुठेच अस्तित्वात नव्हता. म्हणून तोतयाकडे गेलेल्यांचं इंटरनेट बंद. ओएनटी उठल्यावर जे त्याच्याकडे गेले त्यांचं चालू.

आणि दोन तासांनी आपोआप ठीक कसं व्हायचं? डीएचसीपीची मुदत अर्धी संपली की उपकरण ज्याने पत्ता दिला त्याच्याकडे नूतनीकरण मागतं. उत्तर नाही आलं तर मुदतीच्या ८७.५ टक्क्यांवर ते सगळ्या नेटवर्कला विचारतं. १२० मिनिटांच्या मुदतीत हा क्षण १०५ व्या मिनिटाला येतो. तिथेही जमलं नाही तर १२० व्या मिनिटाला पत्ता सोडून नव्याने मागणी. राउटरच्या वॅनने असं नव्याने मागितलं की त्याला १९२.१६८.१.x मधला पत्ता मिळायचा, तो पुन्हा स्वतःच्या लॅनशी भिडायचा, आणि राउटर लॅन पत्ता परत १९२.१६८.०.१ करायचा. तोतया आपणहून बाजूला व्हायचा. साडेदहाचा बिघाड साडेबाराला मिटायचा तो असा. मधल्या वेळात ओएनटी कितीदाही बंद-चालू केला तरी उपयोग शून्य, पण शेवटचा रीस्टार्ट ज्याने केला त्याला वाटायचं आपल्यामुळे झालं.

दुरुस्ती

पहिलं काम १८ नंबरची केबल कायमची काढणं. एवढ्याने संघर्ष मिटतो, पण प्लॉटरची अडचण परत येते आणि महिन्याभरात कुणीतरी ती केबल पुन्हा खोचतो. म्हणून राउटरला राउटर राहू द्यायचं नाही.

राउटरच्या पानावर ‘ऑपरेशन मोड’ असतो. तिथे ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडला की नॅट आणि डीएचसीपी दोन्ही बंद होतात आणि डबा फक्त वायफाय पुरवतो. स्टुडिओचे संगणक मग थेट ओएनटीकडून पत्ता घेतात, प्लॉटरच्याच नेटवर्कात येतात आणि एक केबल पुरते. जुन्या राउटरला हा मोड नसेल तर तेच हाताने करता येतं, फक्त क्रम पाळावा: आधी डीएचसीपी सर्व्हर बंद, मग लॅन पत्ता १९२.१६८.१.२, सेव्ह करून रीस्टार्ट, आणि त्यानंतरच भिंतीतली केबल वॅनमध्ये नाही तर लॅन पोर्टमध्ये. वॅन पोर्ट रिकामा ठेवून त्यावर टेप लावावी. लॅन पत्ता आधी बदलला तर डीएचसीपी नव्या श्रेणीत पत्ते वाटायला लागतो. अशा हाताने बसवलेल्या डब्याचा एक धोका आहे: मागचं रीसेटचं भोक कुणी टाचणीने दाबलं की डीएचसीपी पुन्हा चालू. मोड असलेल्या राउटरची केबल वॅनमध्येच राहू शकते, म्हणून तो रीसेट झाला तरी मजल्याला पत्ते वाटत नाही. त्यामुळे असा राउटर मिळत असेल तर तोच बरा.

मग पत्त्यांची वाटणी. ओएनटीचा डीएचसीपी १९२.१६८.१.२ ते २५४ पर्यंत सगळंच वाटत होता, आणि त्यातच हाताने पत्ते दिलेली उपकरणं बसली होती. बायोमेट्रिक यंत्र कारखान्यातून येतं तसंच, १९२.१६८.१.२०१ वर. एनव्हीआर १९२.१६८.१.१०८ वर. हे दोन्ही आकडे त्या-त्या उपकरणांच्या प्रचलित मूळ सेटिंगचे आहेत आणि कॅमेरा बसवणारे ते सहसा बदलत नाहीत. मजल्यावर मोबाइल वाढले की एखाद्या पाहुण्याच्या फोनला २०१ मिळतो आणि त्या दिवशी हजेरी लागत नाही. नवी वाटणी अशी ठरली:

१९२.१६८.१.१ ओएनटी, .२ स्टुडिओचा ॲक्सेस पॉइंट, .३ ते .९ पुढच्या नेटवर्क उपकरणांसाठी
.१० टॅलीचा संगणक, .२० प्रिंटर, .२१ प्लॉटर, .३० बायोमेट्रिक, .४० एनव्हीआर
.१०० ते .२२० डीएचसीपी, मुदत आठ तास

स्थिर पत्ते ओएनटीवर राखीव ठेवायचे की उपकरणातच लिहायचे, यावर दोन मतं आहेत. ओएनटीवर राखीव ठेवणं नीटनेटकं दिसतं. पण सामायिक मजल्यावर ओएनटी कंपनीचा असतो. तो बिघडला की तंत्रज्ञ दुसरा लावून जातो आणि राखीव यादी जुन्या डब्याबरोबर जाते. म्हणून इथे पत्ते उपकरणांत लिहिले, आणि ते वाटपाच्या श्रेणीबाहेर ठेवले. श्रेणीत राहून हाताने पत्ता देणं हे सगळ्यात वाईट. सीएंच्या एका संगणकावर .१०५ असाच लिहिलेला सापडला, बहुधा आधीच्या कुणाच्या तात्पुरत्या इलाजाचा अवशेष. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘टीसीपीआयपी’ स्रोताची ४१९९ क्रमांकाची नोंद दिसली तर अशीच टक्कर समजावी. त्या नोंदीत दुसऱ्या उपकरणाचा मॅकही असतो, त्यामुळे शोध अर्धा तिथेच संपतो.

बदल झाल्यावर प्रत्येक संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’, मग ‘/रिन्यू’. नेटवर्कचा गट ‘पब्लिक’वरून ‘प्रायव्हेट’. प्रिंटरचा पोर्ट डब्ल्यूएसडी असेल तर तो काढून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट, १९२.१६८.१.२० या पत्त्यावर. डब्ल्यूएसडी आपोआप शोधून जोडतो, पण पत्ते हलले की नेमका तोच आधी हरवतो. टॅलीच्या लायसन्स सर्व्हरच्या जागी नाव न ठेवता १९२.१६८.१.१० आणि पोर्ट ९९९९. इतकं करूनही बायोमेट्रिक यंत्र हजेरी वर पाठवेना. त्याच्या मेनूत गेटवे म्हणून १९२.१६८.०.१ लिहिलेला होता. जुन्या गोंधळात कुणीतरी तो ‘चालणारा गेटवे’ म्हणून टाकला असणार. आयपी पत्ता बदलताना गेटवे आणि डीएनएसच्या ओळी न पाहता पुढे जाणं ही अशा यंत्रांवर फार नेहमीची चूक.

तपासणी एमसीबी पाडून

इंटरनेट सुरू झालं म्हणजे दोष गेला असं इथे म्हणता येत नाही, कारण तो मुळात दोन तासांनी स्वतःच जाणारा होता. खरी परीक्षा वीज जाण्याची. संध्याकाळी सगळ्यांनी काम सेव्ह केल्यावर मजल्याचा एमसीबी पाडावा, मिनिटभर थांबून परत चढवावा आणि पहिली पाच मिनिटं लॅपटॉपवर पाहावीत. ओएनटी उठेपर्यंत संगणकांवर १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे कुणीच न दिल्याने संगणकाने स्वतःच घेतलेला, पत्ता दिसला तर ते चांगलं लक्षण: दुसरं कुणी पत्ता वाटत नाही. ओएनटी आल्यावर तो बदलून १९२.१६८.१.१०० च्या पुढचा झाला पाहिजे आणि मुदत आठ तासांची दिसली पाहिजे.

अजून पक्कं करायचं तर वायरशार्क हे नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर लावून पत्ता मागवावा. फिल्टर ‘डीएचसीपी’, ३.० पूर्वीच्या आवृत्तीत तोच ‘बूटपी’ या नावाने आहे. एका ‘डिस्कव्हर’ला एकच ‘ऑफर’ यायला हवी. देकार बऱ्याचदा मागणाऱ्यालाच थेट जातो, म्हणून वायरशार्क ज्या लॅपटॉपवरून मागणी जाते त्याच्यावरच चालवावं. शेजारच्या लॅपटॉपवर बसून पाहिलं तर दुसरी ऑफर असूनही दिसणार नाही. ज्यांच्याकडे एनमॅप हे नेटवर्क तपासायचं साधन आहे त्यांना ‘ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर’ ही तयार स्क्रिप्ट उत्तर देणारे सगळे सर्व्हर दाखवते.

ही परीक्षा पार पडल्यावरच ओएनटी आणि स्विचला छोटा यूपीएस लावला. तो आधी लावला असता तर वीज गेल्यावर ओएनटी बंदच पडला नसता आणि दोष झाकला जाऊन कधीतरी भलत्याच दिवशी वर आला असता. घेताना ॲडॉप्टरवरचा छाप वाचावा: ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा असतो, पण काही राउटर ९ व्होल्टवर चालतात आणि पिन तीच बसते. ९ व्होल्टच्या डब्याला १२ दिले तर तो जळू शकतो. ॲम्पिअर मात्र ॲडॉप्टरवर लिहिले त्याहून जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत.

जे अजून बाकी आहे

या मजल्यावर सीएंच्या अशिलांची विवरणपत्रं आणि विमा सल्लागाराकडे आलेल्या माणसाचा फोन एकाच सपाट नेटवर्कात आहेत. राउटरांचं भांडण मिटल्याने ते बदललेलं नाही. तीन कार्यालयांना तीन व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) आणि प्रिंटरपुरती वाट, हा खरा मार्ग. त्यासाठी साधा स्विच काढून मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागेल. तो आला की डीएचसीपी स्नूपिंगही चालू करता येईल: ओएनटीचा पोर्ट तेवढा विश्वासू ठरवायचा, बाकी कुठूनही पत्ता वाटायचा प्रयत्न झाला तर स्विच ते पाकीट तिथेच टाकून देतो. मग कुणी कोणत्याही पोर्टमध्ये काहीही खोचो. खर्च तिघांत कसा वाटायचा यावर घोडं अडलं आहे. तोवर पाहुण्यांचे फोन ओएनटीच्या ‘गेस्ट’ वायफायवर वळवले आहेत, जे फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतं. स्विचवरच्या १८ नंबरच्या पोर्टला ‘रिकामा ठेवा, स्टुडिओची केबल फक्त १७ मध्ये’ अशी चिठ्ठी लावली आहे.

कंपनीने ओएनटी बदलला तर नवा डबा १९२.१६८.२९.१ सारख्या भलत्या श्रेणीचा येऊ शकतो, आणि त्या क्षणी टॅली, प्रिंटर, प्लॉटर, हजेरी, कॅमेरे सगळं एकदम तुटेल. त्या वेळी पाच उपकरणांचे पत्ते बदलत बसू नये. नव्या ओएनटीचा लॅन पत्ता १९२.१६८.१.१ करावा, डीएचसीपीची श्रेणी .१०० ते .२२० करावी आणि तंत्रज्ञ जिना उतरायच्या आत प्रिंटरवर एक कागद काढून पाहावा.